लहानीची बैठक

आमच्या घरात पहिली डिग्री माझी. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. बाबांच्या बाजूला कोणी नाही, आईच्या बाजूला कोणी नाही, रायपूरच्या गुढियारीतल्या आमच्या गल्लीत त्या वर्षी तरी दुसरं कोणी नव्हतं. बी.कॉम.चा कागद हातात आला तेव्हा बाबांनी गोल बाजारातून त्याला सोनेरी पट्टीची फ्रेम करून आणली आणि समोरच्या खोलीत, दारातून पाऊल टाकताच दिसेल अशी टांगली. फक्त इतकी उंच, की वाचायची तर मान मोडून घ्यावी लागते.

मी म्हटलं, "बाबा, थोडी खाली घ्या. नाव तरी दिसू द्या."

बाबा म्हणाले, "वाचाले थोडीच टांगली? पाहाले टांगली."

मी जेमतेम पाच फुटांची. माझ्याच डिग्रीवरची धूळ पुसायला मला स्टूल लागतं. माझ्या धाकट्या बहिणीला लागत नाही, ती नुसता हात वर करते. आमच्या घरातली पुढची सगळी भानगड एवढ्या एका फरकातून झाली.

तिला घरात सगळे लहानी म्हणतात. दाराच्या चौकटीखालून मान वाकवून ती आत येते आणि आई हाक मारते, "लहानी, पाह्यनं बाई कोन आलं." नवीन पाहुण्याला हसू दाबायला चहाचा कप तोंडाशी धरावा लागतो. तिसरीत होती तेव्हा बसचा कंडक्टर तिला अर्धं तिकीट द्यायला तयार नसे. आई पर्समध्ये जन्माचा दाखला घेऊन फिरायची. शाळा सुरू होताना फ्रॉकची दुमड सोडायची, दिवाळी येईपर्यंत सोडायला दुमडच उरायची नाही. सातवीत ती माझी सायकल शिकायला म्हणून रेल्वे कॉलनीच्या मैदानावर गेली. तिथल्या बास्केटबॉलच्या सरांनी तिला पाहिलं आणि सायकल धरायला दुसऱ्याला सांगितलं. ती सायकल मी दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन आले. लहानी मात्र तिथेच राहिली म्हणायला हरकत नाही.

मग भिलाईचे कॅम्प, राजनांदगावचे कॅम्प, स्टेट, नॅशनल. घरात कप झाले. त्यातल्या सगळ्यात मोठ्या कपात आई लसूण ठेवते. हवा चांगली लागते म्हणते.

बारावीचा निकाल लागला आणि लहानी पास झाली. किती टक्क्यांनी, ते ती सांगत नाही, म्हणून मीही सांगत नाही. माझी तयारी आधीच झालेली होती. मुलींचं एक चांगलं कॉलेज होतं, तिथल्या खेळाच्या मॅडमनी आपणहून फोन केला होता, कोट्यातून जागा मिळणार होती. विषय मी निवडला होता, बी.कॉम. तिला विचारलं नव्हतं. मलाही कोणी विचारलं नव्हतं, आणि माझं चांगलं झालं.

लहानी आली, जमिनीवर बसली. जमिनीवर बसली की ती माझ्या खुर्चीतल्या डोळ्यांना डोळे देते. म्हणाली, "दीदी, पुणे से फोन आया था."

लहानीला मराठी कळतं सगळं. बोलते हिंदी. घरातल्या भांडणात मी मराठीत आणि ती हिंदीत, अशी आमची वर्षानुवर्षांची पद्धत आहे.

पुण्याच्या एका टीमला ती हवी होती. मुलींची नवीन लीग, पगारावर खेळायचं, राहायचं तिकडेच, दोन वर्षं. कॉलेज नाही. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी जिम, संध्याकाळी प्रॅक्टिस, मग प्रवास. कॉलेजला वेळ कुठून आणायचा?

"अन् त्याच्यानंतर?" मी विचारलं.

"उसके बाद देखेंगे ना."

"काय देखशीन?"

तिने मोबाइल काढला आणि मला अमेरिकेतली पोरं दाखवली. शाळा संपवून कॉलेजच्या दारातही न जाता थेट मोठ्या टीममध्ये गेलेली. ताडमाड पोरं, सूट घातलेली, शेजारी आई रडते आहे. "ये देखो. ये कॉलेज गया ही नहीं. ये भी नहीं. इसका तो खुद का हवाई जहाज है."

मी सगळे व्हिडिओ पाहिले. मग म्हटलं, "ज्यायचं झालं त्यायचे व्हिडिओ आहेत. ज्यायचं नाही झालं त्यायचे कोन काढते?"

"आप हमेशा उल्टा सोचते हो, दीदी."

"मी सुलटंच सोचते. म्हनून तं खुर्चीवर बसते."

खुर्चीचं सांगायला हवं. मी भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघते. बाहेर दिवसभर ट्रक, धूळ, हॉर्न. आत माझी खुर्ची, हातांची, फिरणारी. बाबा रेल्वेच्या वॅगन शॉपमध्ये फिटर आहेत, सगळी नोकरी उभ्याने चालली आहे. ते पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा मला काही न विचारता त्या खुर्चीवर बसून एकदा डावीकडे फिरले, एकदा उजवीकडे फिरले, आणि "चाल, जातो मी" म्हणून निघून गेले. ती खुर्ची मला डिग्रीने दिली. म्हणून माझं म्हणणं एवढंच होतं, की गुडघा एक ना एक दिवस थकतो. दोन वर्षांनी लहानी थकलेला गुडघा घेऊन घरी आली तर तिला बसायला खुर्ची कुठली?

ती म्हणायची, आत्ता नाही गेले तर परत कोणी बोलावणार नाही. तेही खरंच होतं. यातच तर सगळा घोळ होता.

बाबा माझं ऐकून म्हणाले, "बराबर हाय तुयं." तिचं ऐकून म्हणाले, "तुयंही बराबर हाय." मग दोन दिवस ड्यूटीवरून उशिरा आले, म्हणजे घरी कोणी विचारायला नको. तेवढ्यात पुण्याच्या मॅनेजरचा फोन आला, रविवारी येतो, करार घेऊन येतो, सही करून घेऊ. बाबांनी फोन ठेवला आणि त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. काय करायचं ते त्यांना सापडलं होतं.

"मामाले बोलवा," ते म्हणाले. "बैठक करू."

आमच्या लोकांत घरची पोरगी दुसऱ्या गावाला राहायला जाणार असली की बैठक होते. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, विचारायचं ते विचारतात, द्यायचं-घ्यायचं बोलून घेतात, शेवटी आत जाऊन पोरीला विचारतात, मग तोंड गोड करतात. कागद वगैरे मागाहून. बैठकीत चारचौघांत जे बोललं गेलं तेच पक्कं. अर्थात हे सगळं लग्नाचं. पण पोरगी दोन वर्षं पुण्याला जाणार आणि बैठक नाही, हे बाबांच्या डोक्यात बसतच नव्हतं.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, दुर्गला असतात. इकडे रायपूर, तिकडे गोंदिया, या पट्ट्यात आमच्या नात्यातली जी लग्नं जमली त्यातली निम्मी मामांनी जमवली आणि उरलेली त्यांना न विचारता जमली, असं ते स्वतःच सांगतात. मी त्यांना फोनवर समजावलं, "मामा, हे लगन नाही. खेळाचा करार आहे."

"मले मालूम नाही का?" मामा म्हणाले. "लगनात पोरगा तं पाहाले भेटते. इथं तं तेही नाही. मंग जास्त इचारा लागन का कमी?"

रविवारी सकाळी समोरच्या खोलीत गादी घातली. मामा आले, आत्या आली, आणि आमच्या विहाराचे अध्यक्ष आले. ते रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले आहेत, पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली, कोणतीही बैठक त्यांच्याशिवाय सुरू होत नाही. आईने पोहे टाकले, तर्री केली. समोरच्या काकूंनी गादी पाहिली आणि गॅलरीतून विचारलं, "मोठीचं आहे का?"

"नाई, लहानीचं," आत्याने ओरडून सांगितलं.

"अगं बाई! मोठीच्या आधी?"

"मोठीनं डिगरीसंगं केलं नं," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे न बघता आत आली.

मॅनेजर आला. निळा टी-शर्ट, डोक्यावर टीमची टोपी, पाठीला बॅग, बोलणं एकदम पुस्तकातलं. त्याच्यामागून कोच मॅडम आल्या, लहानीएवढ्याच उंच, आणि सवयीने वाकूनच आत शिरल्या. आमच्या दारातून पहिल्यांदा येऊन डोकं न आपटलेलं उंच माणूस मी तेवढंच पाहिलं.

"नमस्कार," मॅनेजर म्हणाला. "आम्ही आपला फार वेळ घेणार नाही. करार वाचून सही झाली की निघू."

"बसा नं बापा," मामा म्हणाले. "आताच तं आले. पानी घ्या. सही काही पळून नाही चालली."

पुण्याचं मराठी ऐकून आत्याने पदर नीट केला. बाबा ताठ बसले. अध्यक्षांनी मोबाइल बंद केला. मॅनेजरने लहानीला विचारलं, "काय मग, तयारी झाली का?" लहानी म्हणाली, "जी सर, एकदम." आणि बैठकीत पोरीने बाहेर थांबायचं नसतं म्हणून आईने तिला आत ओढून नेलं.

मामांनी घसा साफ केला. "घरी कोन कोन असते?"

"माझ्या घरी?" मॅनेजर गोंधळला.

"टीमच्या."

"टीमचे मालक आहेत. दोन कोच. एक फिजिओ."

"मालकाचं काय चालते?"

"बांधकाम व्यवसाय आहे त्यांचा."

"स्वभाव?"

मॅनेजरने कोच मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बरा आहे." आल्यापासूनचे त्यांचे ते पहिले शब्द.

"पर्मनंट आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे."

आत्याने मामांकडे पाहिलं, मामांनी बाबांकडे. मॅनेजरला कारण कळेना. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ठेकेदाराचा माणूस, ज्याला गेटवर सकाळी आत घेतात आणि संध्याकाळी ओळखत नाहीत. "ठेकेदारीत?" अध्यक्ष बाबांच्या कानात म्हणाले, पण त्यांच्या कानातलं दोन घरं ऐकू जातं. "त्याच्यापेक्षा रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा निघन, थांबा म्हना."

"पोट्ट्या किती आहेत तुमच्याकडं?" मामांनी पुढचं काढलं.

"बारा."

"बारा!" आत्या म्हणाली. "मंग आमच्या पोट्टीले तिथं कोन इचारते?"

"तसं नाही ताई, टीममध्ये बारा लागतातच. खेळतात पाच."

"अन् सात?"

"त्या बेंचवर असतात."

"बेंचवर काय करते?"

"बसतात. गरज पडली की..."

मामांनी हात वर केला. "आमची पोट्टी बसाले नाही येऊन राहिली. बसाले तिले घरी गादी आहे."

मॅनेजर शहाणा माणूस होता, पोह्यांकडे वळला. पण आत्याला खाण्याचाच विषय हवा होता. "जेवाले काय देता?"

"आमच्याकडे आहारतज्ज्ञ आहेत. प्रत्येकीचं सगळं मोजून ठरवतात."

"भात?"

"भातही मोजून."

आत्याने कपाळावर हात मारला. "ऐकलं का? मोजून भात! ही पोट्टी उन्हाळ्यात सकाळी गंजभर बासी खाते."

"बासी म्हणजे?"

"रात्रीचा भात पान्यात. सोबत कांदा."

मॅनेजर कोच मॅडमकडे वळून हळूच म्हणाला, "प्रोबायोटिक आहे, चालेल." आणि आत्याला मोठ्याने म्हणाला, "बासी देऊ." बैठकीत मान्य झालेली ती पहिली गोष्ट.

मग मी करार हातात घेतला. सगळा इंग्रजीत होता आणि त्या खोलीत तो वाचू शकणारी आमच्या बाजूची मी एकटी. हे मी मुद्दाम सांगते आहे. आदल्या आठवड्यात तो लहानीच्या मोबाइलवर आला होता, तेव्हाच मी तो ऑफिसात छापून दोनदा वाचला होता आणि लाल पेनने खुणा केल्या होत्या. इंग्रजी माझं, आवाज मामांचा, अशी आमची जोडी जमली. मी एक कलम वाचून मराठीत सांगितलं, की खेळाडूला मोठी दुखापत झाली आणि ती बराच काळ खेळू शकली नाही, तर टीम करार संपवू शकते.

"म्हंजे?" मामांनी विचारलं.

"म्हणजे घुटना गेला की घरी."

मामांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. "वापस पाठवान?"

"ही सगळीकडेच असलेली अट आहे..." मॅनेजर म्हणाला.

"दुखली म्हनून पोट्टी वापस? कोनत्या समाजात होते असं?"

"काका, हे लग्न नाहीये."

"लगन नाही म्हनून तं सांभाळून घ्या म्हनतो. लगनात मी असं ऐकलं असतं तं तुमचे पोहे अर्धेच राह्यले असते."

अर्ध्या तासाच्या बोलाचालीनंतर इलाज टीमने करायचा आणि बरी होईपर्यंत ठेवून घ्यायचं असं ठरलं. मॅनेजरने ते लॅपटॉपवर लिहून घेतलं. टाइप करताना तो एकदा हसला. कदाचित त्यालाही ते बरोबर वाटलं असेल, किंवा पोह्यांना तिखट जास्त असेल.

आता माझी पाळी होती. मी सरळ विचारलं, "दोन वर्षांनी ती वीस वर्षांची. हातात काय?"

"अनुभव," मॅनेजर म्हणाला. "नाव. आणि कॉलेज काय, नंतरही करता येतंच."

"कोणी केलं? खेळून झाल्यावर मग कॉलेज केलेली एक मुलगी सांगा मला."

त्याने बारा पोरी आठवून पाहिल्या असाव्यात. मग सवयीने कोच मॅडमकडे पाहिलं. कोच मॅडम बशीतली कोथिंबीर बाजूला करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी करणार होते. सतराव्या वर्षी खेळायला गेले. मग राहून गेलं."

आत्याने न विचारता त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले.

"त्यांना लिहून द्या," कोच मॅडम मॅनेजरला म्हणाल्या.

"काय लिहून देऊ?"

मामांना तेवढी फट पुरली. "असं करा, हे मानपानात धरा. आमाले मालकाकडून साडी नको, सोनं नको. पोट्टीले बाहेरून डिगरी करून द्या. फीस तुमची, पुस्तकं तुमची, परीक्षेले सुट्टी तुमची. अन् परीक्षेले सोबत मानूस तुमचा."

"सोबत माणूस कशाला?"

"पोट्टी एकटी परीक्षेले जाईन? नव्या गावात?"

मॅनेजर फोन घेऊन बाहेर गेला. पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून तो मालकाला काय काय सांगत होता ते ऐकू येत नव्हतं. पण एका हाताने तो जे दाखवत होता त्यावरून मामांची उंची, आत्याची उंची आणि भाताचं पातेलं समजत होतं. परत आला तेव्हा घामाने टी-शर्ट दोन निळ्या रंगांचा झाला होता. "मालक हो म्हणाले," तो म्हणाला. "फक्त हे बाहेर कुठे सांगू नका म्हणाले. बाकीच्या मुली मागतील."

"आता पोट्टीले इचारा," अध्यक्ष म्हणाले. हा प्रश्न नेहमी शेवटी येतो, आणि उत्तर नेहमी सगळ्यांना आधीच माहीत असतं. आई आत गेली. स्वयंपाकघर आणि समोरची खोली यांच्यामध्ये आमच्याकडे फक्त पडदा आहे, त्यामुळे सगळ्यांनी छताकडे बघत कान दिले.

"राजी आहे का, बाई?"

हिंदीत येईल की मराठीत, याची मी वाट बघत होते. लहानी म्हणाली, "हव." जिथे खेळून मोठी झाली त्या मैदानावरचं छत्तीसगढी 'हो'. मग लगेच जोरात, "लेकिन बी.कॉम. नहीं करूँगी!"

मला राहवलं नाही. मी बाहेरून ओरडले, "मंग काय करशीन?"

"कुछ भी! बस उसमें बैलेंस शीट ना हो!"

मॅनेजरने टाइप केलं. पुढे मी तो छापील करार पाहिला आहे. त्यात लिहिलं आहे, पदवी शिक्षणाचा खर्च टीम करेल, विषय कोणताही, वाणिज्य वगळून. माझ्या डिग्रीचा असा अपमान इतक्या शुद्ध भाषेत कोणी केला नसेल.

आणलेल्या कागदावर बदल हाताने लिहून सह्या झाल्या. मॅनेजर उठायला लागला तसे मामा म्हणाले, "अजून पक्कं नाही झालं." आईने पेढे फिरवले. बाबांनी गोल बाजारातून आणलेले टॉवेल-टोपी मॅनेजरला दिले. टोपी कुठे ठेवावी ते न कळून त्याने ती टीमच्या टोपीवरच घातली. कोच मॅडमना आत्याने ब्लाउजपीस दिला आणि अंगावर नजर फिरवून म्हणाली, "तुमाले एक पुरत नाही बाई," म्हणून दुसरा आणला. बाबांनी तेवढ्यात हातोडी आणली आणि माझ्या डिग्रीच्या शेजारी दुसरा खिळा ठोकला. पाहुणे अजून खोलीतच होते.

लहानीला सोडायला मी गेले. मामा म्हणाले होते, "पाठराखीन कोन?" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. ऑफिसात रजेच्या अर्जावर कारण लिहायचं होतं. बहिणीची पाठराखीण लिहिलं. साहेबांनी अभिनंदन केलं आणि जावई काय करतात ते विचारलं. मी म्हटलं, बांधकामात आहेत.

पुण्याच्या हॉस्टेलमध्ये मी आठवडाभर होते. मालकांचं गुपित दुसऱ्या संध्याकाळपर्यंत टिकलं. लहानी कशी गप्प राहणार? पोरी एकेक करून माझ्याकडे आल्या. हरियाणाची, केरळची, छिंदवाड्याची. "दीदी, हमारा भी बोल दो ना." मी म्हटलं, माझं काही नाही, तुमच्या घरच्यांना बैठक करायला सांगा. हरियाणाची म्हणाली, हमारे यहाँ लड़की वाले बोलते ही नहीं. मग मी मामांना फोन लावला आणि मामा मॅनेजरशी बोलले. काय बोलले ते दोघांनी कधी सांगितलं नाही. त्या वर्षी टीममधून आठ जणी बाहेरून बी.ए.ला बसल्या. आणि कोच मॅडम.

पहिली मॅच आम्ही घरी मोबाइलवर पाहिली. मोबाइल माझ्या डिग्रीखाली स्टुलावर उभा केला होता. सुरुवातीच्या पाचजणींत लहानी नव्हती. मामा पहिल्या मिनिटापासून अस्वस्थ.

"बसवली," ते म्हणाले. अर्धी मॅच झाली. "बसवलीच."

मी म्हटलं, नवीन आहे, वेळ लागतो. मामा उठून आत गेले. थोड्या वेळाने मोबाइलवर बेंचच्या मागे उभा असलेला मॅनेजर दिसला. त्याने खिशातून फोन काढला, पाहिला, आकाशाकडे पाहिलं, परत खिशात ठेवला. परत काढला. परत ठेवला. आत मामा म्हणत होते, "उचलत काहून नाही?"

शेवटी खेळणाऱ्या एका पोरीचे पाच फाउल झाले, ती बाहेर गेली आणि लहानी उठली. यात मामांचा काही हात नव्हता, पण हे त्यांना आजपर्यंत कोणी पटवू शकलेलं नाही. लहानीने मारलेला पहिला बॉल रिंगच्या जवळूनही गेला नाही. आत्या म्हणाली, "कोनी हलू नका. जसे बसले तसेच राहा." दुसरा आत गेला. आम्ही मॅच संपेपर्यंत तसेच बसून राहिलो. अध्यक्षांचा पाय बधिर झाला, तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून घरी नेला.

आता ती बेंचवर फार बसत नाही. गुडघा एकदा सुजला होता. टीमने इलाज केला, ठेवून घेतलं, बोलले तसं वागले. परीक्षेला मॅनेजर सगळ्यांना गाडीत घालून नेतो आणि पेपर संपेपर्यंत बाहेर उभा राहतो, टॉवेल डोक्यावर घेऊन. टॉवेल आमचाच आहे, मी फोटोत ओळखला. पहिल्या वर्षाला लहानी सगळ्या विषयांत पास झाली. कोच मॅडमचं अर्थशास्त्र राहिलं. लहानी मला प्रवासातून मेसेज करते, "दीदी, माँग का नियम समझाओ, मैडम को भी समझाना है." मी ऑफिसात माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून फोनवर समजावते. ट्रकवाले बाहेर थांबतात.

कॉलेजला गेली असती तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. ते मी तिला दर वेळी सांगते, ती दर वेळी "हव, हव" म्हणते.

बाबांनी ठोकलेला खिळा तसाच आहे. तिच्या डिग्रीला अजून वेळ आहे, म्हणून जाताना ती त्यावर कॅलेंडर अडकवून गेली. तो खिळा बाबांनी माझ्या फ्रेमपेक्षाही वर ठोकलेला आहे. महिना बदलायला मी एकदा स्टूल घेऊन चढले तर बाबा म्हणाले, "राहू दे. तिची जागा आहे, तिलेच पलटवू दे."

त्यामुळे ती घरी येते तेव्हा आधी वाकून आत शिरते, हात वर करते आणि दोन-तीन महिने एकदम फाडते. मधल्या काळात आई दुधाचा हिशेब समोरच्या काकूंच्या घरी जाऊन त्यांच्या कॅलेंडरवर बघते.